खुंटी हाताने वर आली पाहिजे

गणपतीचे दहा दिवस आम्ही गावी होतो. परत आलो तेव्हा पार्किंगमधल्या आमच्या गाडीच्या वायपरखाली चार चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. तीन रागाच्या होत्या. चौथी समोरच्या विंगमधल्या काकूंची, तिच्यात राग नव्हता. काकांचं ऑपरेशन होऊन आठवडा झालाय, तुमच्या गाडीचा भोंगा रात्री दोन-अडीचला वाजायला लागतो, मग त्यांना पहाटेपर्यंत झोप लागत नाही, काही करता येईल का, एवढंच लिहिलं होतं.

ती चिठ्ठी हातात असतानाच मी ठरवलं की या गाडीत जे जे आपोआप वाजतं आणि आपोआप हलतं, ते सगळं काढून टाकायचं. गाडी २००६ सालची, बाबांनी घेतलेली. पंधरा वर्षं भरल्यावर पासिंग करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, कारण इंजिन अजून ठणठणीत आहे. दुखणं सगळं दारांचं. सेंट्रल लॉक आणि अलार्म हे दोन्ही बाबांनी गाडी घेतल्यावर बाहेरून बसवून घेतले होते. गेलं वर्षभर रिमोट दाबला की दारं बंद व्हायची आणि कधी कधी लगेच पुन्हा उघडायची. मागचं डावं दार तर बंद झालं ते झालंच. आई मागे बसायची ती उजव्या दाराने आत शिरून, सीटवरून सरकत डावीकडे जायची. आम्हाला त्याची सवय झाली होती.

रविवारी सकाळी मामा आला. मामा दूरध्वनी खात्यात केबल जॉइंटर होता. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उतरून शेकडो जोड्या एकेक करून जुळवायच्या आणि त्यावर शिशाची स्लीव्ह चढवून ती पाणी न शिरेल अशी बंद करायची, हे काम त्याने तीस वर्षं केलं. तो निवृत्त झाला, त्याची पिशवी झाली नाही. काट्याचा मीटर, दोन वायरी जोडलेला इंडिकेटरचा बल्ब, सोल्डरची बंदूक आणि कापूस, सगळं घेऊनच तो आला.

मी: मामा, मला दुरुस्ती नकोय. फ्यूज काढ आणि सायरनची वायर तोड. किल्ली आहे ना माझ्याकडे. बाबांच्या आधीच्या मारुती ८०० ला कुठे रिमोट होता? खुंटी दाबायची, दार लावायचं, झालं.

मामा: तोडायचं ते तोडू. आधी दुखणं कुठे आहे ते बघू दे.

मी: एक दुखणं असेल तर बघायचं ना. बॅटरी उतरली, दारं ऐकत नाहीत, भोंगा रात्री वाजतो. सगळंच गेलंय. आणि ठेवायचंच असेल तर दोन-अडीच हजारात नवा किट मिळतो. दुकानवाला अर्ध्या दिवसात बसवून देतो.

मामा: सगळंच गेलं असं कधी नसतं. तीन जागी गेलं असेल, चार जागी गेलं असेल. त्या जागा सापडल्या नाहीत तर तुझा नवा किटही त्याच जुन्या वायरींवर चढेल. मग तो बिघडायची वाट बघ.

मला हे पटलं नव्हतं. मी शाळेत शिकवते, रविवार एकच असतो. माझ्या वेळेला किंमत आहे आणि शेजारच्या माणसाच्या झोपेला त्याहून जास्त. पण बॅटरी चार्जरवर भरायला तसेही दोन-तीन तास लागणार होते, म्हणून मी हो म्हटलं.

बॅटरी भरल्यावर मामाने तिची निगेटिव्ह तार सोडवून मध्ये मीटर घातला, गाडी लॉक केली आणि अर्धा तास हात लावायचा नाही म्हणाला. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक पेट्या झोपी जायला वेळ लागतो. अशी झोपलेली जुनी गाडी पन्नास मिलीअँपिअरच्या आत राहायला हवी. आमची १८० ओढत होती.

मामा: हिशेब कर. चोवीस तासांत किती?

मी: सव्वाचार अँपिअर-तासांच्या वर.

मामा: आणि बॅटरी पस्तीसची. म्हणजे नवीकोरी असती तरी आठव्या दिवशी रिकामी. तुम्ही दहा दिवस गेलात. बॅटरी खराब नाही, तिला कोणीतरी पितंय.

मग त्याने एकेक फ्यूज काढत मीटरकडे बघितलं. अलार्मचा फ्यूज निघाला तसा काटा खाली आला. तेवढ्याने मामाचं समाधान झालं नाही. फ्यूज परत लावून त्याने बॉनेटखालच्या सायरनचा कपलर सोडवला, काटा पुन्हा खाली. अलार्मची पेटी निर्दोष होती, पिणारा सायरन होता. या सायरनच्या पोटात स्वतःची एक छोटी बॅटरी असते, चोराने गाडीची तार कापली तरी तो ओरडावा म्हणून. ती बॅटरी फुटून आतल्या पट्टीवर पांढरा-हिरवा थर साचला होता. तो थर रात्रंदिवस करंट खात होता, आणि गाडीची बॅटरी पार उतरली तेव्हा, तार कापली असं समजून, सायरन उरल्यासुरल्या जोरावर चिरकत राहिला होता. सगळ्यात रागाची चिठ्ठी त्या रात्रीची होती.

मी: म्हणजे माझंच बरोबर. सायरन काढ.

मामा: सायरन काढ, ठीक. पण दोन-अडीचला तो वाजत होता ते या बॅटरीमुळे नाही. तेव्हा बॅटरी चांगली होती. त्याला कोणीतरी ‘वाज’ म्हणून सांगत होतं.

सांगणारे तिघे असू शकतात: दारांचे स्विच, बॉनेटचा स्विच आणि धक्का ओळखणारा सेन्सर. मामाने आधी सेन्सर शोधला. तो डॅशबोर्डखाली चिकटपट्टीने लावलेला होता, पट्टीचा डिंक वाळून तो वायरींवर लोंबकळत होता. हा सेन्सर पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवलेला असावा लागतो. तसा नसेल तर शेजारून टँकर गेला तरी हलतो. मी म्हटलं, सापडला. मामाने नकारार्थी मान हलवली. दारांचे स्विचही तपासले. दार उघडलं की आतला दिवा लागतो तो याच स्विचमुळे, त्यामुळे तो दिवा बघूनच ते बरे आहेत की नाहीत हे कळतं. ते बरे होते. शेवटी बॉनेट. कडेला एक प्लंजरचा स्विच, गंजलेला. शिवाय बॉनेट ज्या रबरी ठोकळ्यांवर टेकतं ते इतक्या वर्षांत दबून चपटे झालेले. त्यामुळे प्लंजर पुरता दाबला जात नव्हता, जेमतेम टेकत होता. रात्री पत्रा गार पडून केसभर हलला की अलार्मला वाटायचं, बॉनेट उघडलं.

मामाने त्या जागी नवा स्विच लावला आणि ठोकळ्यांखाली रबराची एकेक चकती घातली. बॉनेट बंद करून चारही कोपऱ्यांवर हात दाबून पाहिला. सेन्सर त्याने पत्र्याला स्क्रूने आवळला.

मामा: बघ, काकांची झोप सायरनने मोडली नाही. या स्विचने मोडली.

मी: मामा, काकांना तो फरक ऐकू येत नाही.

तो काही बोलला नाही. पुढच्या कामाला लागला. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मला माहीत आहे: मुद्दा लागला, पण मान्य नाही.

आता दारं. इथे मामा खुलला.

मामा: दारांचं साधं आहे. चारही दारं एकदम मेली तर फ्यूज, अर्थ आणि पेटी बघायची. एकच दार मेलं तर त्या दारापुरतं बघायचं. रिमोटने चालतंय पण ड्रायव्हरच्या किल्लीने बाकीची हलत नाहीत, तर दोष ड्रायव्हरच्या दारात. किल्लीने चालतंय आणि रिमोटने नाही, तर रिमोटचा सेल आणि त्याच्या बटणाखालचं रबर. हे उलगडून बघितल्याशिवाय जे दाराचा पॅड उचकटतात ते क्लिपा तोडून ठेवतात.

मी: आमचं तर बंद होऊन लगेच उघडतं. ते कशात बसतं?

मामा: ते ड्रायव्हरच्या दारात. बाकीच्या दारांतल्या मोटरींना दोन वायरी असतात, निळी आणि हिरवी. करंट एका बाजूने गेला की खुंटी खाली, उलटा गेला की वर. अर्धा-पाऊण सेकंदाचा झटका, बस. ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरीला आणखी तीन वायरी असतात. तू किल्ली कुठे फिरवलीस ते त्या पेटीला सांगतात, आणि सांगायची रीत म्हणजे वायर क्षणभर अर्थला टेकवायची. आता ती वायर न सांगताच पत्र्याला टेकली तर?

मी: तर पेटीला वाटेल मी उघडायला सांगितलं.

दार आणि खांब यांच्यामध्ये रबराची एक नळी असते. कारखान्यातून आलेल्या वायरी तिच्यातून जातात. आमच्या सेंट्रल लॉकच्या वायरी तिच्यातून गेलेल्याच नव्हत्या. बसवणाऱ्याने खांबाच्या पत्र्याला वेगळं भोक पाडलं होतं, भोकाला रबरी बूच न घालता वायरी तशाच ओढल्या होत्या. पत्र्याची कड सुरीसारखी असते. दार दर वेळी उघडमिट होताना त्या कडेवर वायर घासत गेली आणि तपकिरी वायरीचं तांबं उघडं पडलं. दार आपटलं की ते पत्र्याला टेकायचं, आणि पेटी चारही दारं उघडून द्यायची. किती वेळा मी गाडी लॉक झाली असं समजून निघून गेले असेन, आणि गाडी माझ्या पाठीमागे उघडी उभी राहिली असेल.

हे बघून माझा पहिला विचार डळमळला, हे मी कबूल करते. नवा किट घेतला असता तर दुकानातल्या मुलाने त्याच भोकातून नव्या वायरी ओढल्या असत्या. वर्षभर बरं चाललं असतं.

मामाने वायरी कापल्या आणि मधला वीतभर तुकडा फेकून दिला. त्या जागी बारीक तारांची मऊ वायर घातली, थोडी सैल, आणि ती भोकातून न नेता रबरी नळीतून ओढली. त्यासाठी त्याला पाऊण तास लागला, साबणाचं पाणी लावलं, सायकलच्या स्पोकला वायर बांधून ओढली. जॉइंट नळीत येऊ दिला नाही.

मी: इथेच जोडलं असतं तर?

मामा: सोल्डर पिते ती वायर कडक होते. कडक वायर वाकली की सोल्डर संपतं तिथे बरोबर मोडते. जिथे हलतं तिथे जॉइंट नको. एक जॉइंट दाराच्या पोटात, एक खांबाच्या आत. आणि पाचही जॉइंट एका रेषेत नको, मागेपुढे हवेत. नाहीतर एका ठिकाणी गाठोडं होतं आणि एक स्लीव्ह फाटली की सगळे एकमेकांना भेटतात.

प्रत्येक जॉइंटवर त्याने स्लीव्ह आखडून घेतली. काळी टेप फक्त वरून, तीही मोजकी. उन्हात गाडीतल्या टेपचा डिंक वितळतो आणि दोन वर्षांत टेप सुटून लोंबते, हे डॅशबोर्डखाली आम्ही बघितलंच होतं. तिथेच आणखी एक गोष्ट निघाली. अलार्म बसवताना इग्निशनची वायर कापून मध्ये रिले घातला होता, चोराला गाडी चालू करता येऊ नये म्हणून. तो जॉइंट नुसता पिळून टेप मारलेला होता, आणि टेप तापून काळी पडली होती. हा घाटात सुटला असता तर गाडी जागच्या जागी बंद पडली असती. तो रिले काढायचा आणि वायर मूळची अखंड करायची, यावर आमचं दोघांचं एका वाक्यात एकमत झालं.

राहिलं मागचं डावं दार. दुपारचे दोन वाजले होते, आई जेवायला बोलावत होती आणि मला घाई झाली होती.

मी: हे दार राहू दे. आम्ही वापरतच नाही. बाकीची तीन चालली की झालं.

मामा आतून मागच्या सीटवर बसला होता. त्याने त्या दाराची खुंटी बोटांत धरून वर ओढली. आली नाही. दोन्ही हातांनी ओढली. आली नाही.

मामा: हे दार रिमोटने उघडत नाही असं तू म्हणालीस. हाताने उघडत नाही असं म्हणाली नव्हतीस.

मी: हाताने कधी बघितलंच नाही.

मामा: आई इथे बसते?

मी: हो.

मामा खुंटी सोडून मागे टेकून बसला आणि म्हणाला, दाजी असते तर त्यांनी हे दार असं राहू दिलं नसतं.

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. २६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. बाबा कामासाठी मुंबईत होते. कुर्ल्याला लाल बहादूर शास्त्री मार्गावरून कमरेएवढ्या पाण्यातून ते चालत निघाले. वाटेत एका गाडीची काच चार-पाच जणांनी मिळून दगडाने फोडली आणि आतल्या माणसाला बाहेर ओढलं, त्यात बाबा होते. तो माणूस वाचला. त्या दिवशी मुंबईत काही माणसं बंद गाड्यांमध्येच गेली: काचा वर, दारं लॉक. बाबांनी ही गाडी त्याच्या पुढच्या वर्षी घेतली. आठवड्याला गाडी धुवायचे तेव्हा शेवटी आत बसून चारही खुंट्या हाताने खालीवर करून बघायचे. आम्हाला वाटायचं, धुतल्यावर पाणी गेलंय का बघताहेत.

मी: पाण्यात दार उघडतं तरी का पण?

मामा: सोपं नसतं. दाराच्या तळापासून अर्धा मीटर पाणी बाहेर आहे आणि आत कोरडं आहे असं समज. मीटरभर रुंद दारावर सव्वाशे किलोच्या आसपास भार येतो. म्हणून पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं की तेव्हाच काच खाली करायची आणि लॉक काढून ठेवायचं. पण लॉक काढायला खुंटी तर वर आली पाहिजे? पाण्यात पेटी शॉर्ट झाली की रिमोट, बटण सगळं गेलं. उरतो तो आपला हात.

मी: आणि मी फ्यूज काढून टाक म्हणत होते.

मामा: फ्यूज काढल्याने मोटर दारातून बाहेर येत नाही. अडकलेली मोटर तशीच अडकलेली राहते, आणि खुंटी तिला सळईने बांधलेली असते. तू किल्लीवर आली असतीस, आणि हे दार कायमचं बंद झालं असतं.

जेवण राहिलं. मी रिमोट दाबत राहायचं, मामाने एका हाताने खुंटी ओढायची आणि दुसऱ्या हाताने पॅडवर, बरोबर मोटर असते तिथे, थापा मारायच्या. नवव्या की दहाव्या वेळी खुंटी वर आली. पॅड काढला तर आत पॉलिथिनचा कागद नव्हता. तो कागद लोकांना पॅकिंग वाटतो, तसं नाही. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दाराच्या पोटात जाणारच, गाडीची रचनाच तशी आहे. ते खालच्या भोकांतून निघून जावं आणि मधे पॅडकडे येऊ नये म्हणून तो कागद असतो. कधीतरी कोणीतरी काच दुरुस्त करताना तो फाडून टाकला होता, आणि दाराच्या तळाची भोकं मातीने बुजली होती. दाराच्या पोटात पाणी उभं राहत होतं. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसात दरवर्षी.

मामाने मोटरीच्या कपलरला मीटर लावला. मी रिमोट दाबला, काटा बारावर उडाला.

मी: करंट येतोय. म्हणजे मोटर गेली. नवी आणते.

मामा: थांब.

त्याने मीटर काढून इंडिकेटरचा बल्ब लावला. मी रिमोट दाबला. बल्बची तार नुसती लालसर झाली.

मामा: मीटर काहीच ओढत नाही, म्हणून त्याला बारा दिसतात. वीस तारांतली एक तार शिल्लक असली तरी बारा दिसतात. मोटरीला तीनेक अँपिअर लागतात, ते एका तारेतून येत नाहीत. बल्ब ओढतो, म्हणून बल्बला खरं दिसतं. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हेच सांगायचो, जिवंत आहे का विचारू नका, ओझं घेते का विचारा.

मग मागच्या दाराच्या रबरी नळीतली एकेक वायर त्याने बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ताणली. हिरवी वायर एका ठिकाणी रबरासारखी लांबली. तांबं शाबूत असलेली वायर लांबत नाही. वरचं आवरण धड होतं, आतलं तांबं तुटलेलं. डोळ्यांनी ते कधीच दिसलं नसतं.

ती वायर बदलल्यावर बल्ब लख्ख पेटला. मोटर लावली, तर ती कण्हली आणि अर्ध्यावर थांबली. आत गंज. म्हणजे वायरही गेली होती आणि मोटरही. मामाला मोटर उघडून साफ करायची होती.

मी: नाही.

मामा: अगं, गंज काढून गिअरला ग्रीस लावलं की—

मी: मामा, उरलेल्या सगळ्या गाडीवर तुझं ऐकलं. या दारावर नाही. साफ केलेली मोटर किती महिने चालेल हे तू छातीवर हात ठेवून सांगशील?

त्याने बराच वेळ ती मोटर हातात फिरवली. मग पिशवीत टाकली. मी जाऊन नवी मोटर आणली. नवी वस्तू घेणं हे त्याला हरल्यासारखं वाटतं हे मला ठाऊक आहे, पण काही भाग असे असतात की त्यांच्यावर माणूस अवलंबून असतो, आणि तिथे ‘चालेल’ हे उत्तर पुरत नाही. मोटर बसवायच्या आधी त्याने लॉकच्या यंत्रातलं वाळून चिकट झालेलं ग्रीस पुसून नवं लावलं, तळाची भोकं तारेने मोकळी केली आणि जाड पॉलिथिन कापून चारही कडांनी चिकटवलं. मोटर न जोडता आधी नुसती खुंटी हाताने वरखाली करून पाहिली. सळई जोडल्यावर पुन्हा पाहिली. मग करंट दिला.

संध्याकाळी चारही दारं एका आवाजात बंद झाली आणि बंदच राहिली. चहा घेताना सायरनचा विषय परत निघाला.

मामा: नवा सायरन आणू. आता तो कारणाशिवाय वाजणार नाही. बॅटरी नसलेला घेऊ.

मी: नको.

मामा: अलार्म म्हणजे राखणदार. मान्यताप्राप्त असेल तर विम्यातही सूट असते.

मी: ओन डॅमेजच्या प्रीमिअमवर अडीच टक्के, तीही जास्तीत जास्त पाचशे रुपये. आणि तीसुद्धा तुझ्या घरामागच्या टेकडीवरच्या ए.आर.ए.आय. या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असलेल्या यंत्राला. आमच्या अलार्मला ती कधीच नव्हती.

मामा: पैशांचं सोड. चोर आवाजाला भितो.

मी: आवाज ऐकून कोणी खाली येत असेल तर भितो. आपल्या पार्किंगमध्ये गेल्या पाच वर्षांत भोंगा वाजला म्हणून कोणी खाली आलेलं मला आठवत नाही. सगळे खिडकी लावून घेतात. लांडगा आला रे आला, तसं झालंय.

मामा: ते खोट्या भोंग्यांमुळे. प्रत्येकाने आपली गाडी नीट केली तर लोक पुन्हा खाली येतील.

मी: प्रत्येक जण करेल तेव्हा मी सायरन लावेन. तोवर हा भोंगा जवळ उभं राहिलं तर एकशेवीस डेसिबलचा आहे, तसं त्याच्यावरच छापलंय. राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची कायद्याने ठरवलेली मर्यादा पंचेचाळीस आहे. माझी गाडी वीस वर्षांची. तिच्यासाठी मी समोरच्या काकांना उठवायचं का?

मामा: आणि गाडी गेली तर?

मी: गिअर लॉक बसवते. ते वाजत नाही, पण कापायला वेळ लावतं.

मामाला हे पटलं नाही. त्याच्या मते वस्तू नीट केली की तिच्यावरचा विश्वासही परत येतो, आणि मी ती संधीच देत नव्हते. मला आजही वाटतं की यात मी बरोबर आहे, आणि दाराच्या बाबतीत तो बरोबर होता. अलार्मची पेटी ठेवली आहे, कारण लॉकही तीच चालवते. भोंग्याच्या जागी आता फक्त चारही इंडिकेटर लुकलुकतात. मामाने सायरनच्या वायरीचं टोक स्लीव्ह घालून बंद करून बॉनेटखाली बांधून ठेवलंय, माझं मन बदललं तर म्हणून.

दुसऱ्या दिवशी काकूंना जाऊन सांगितलं. काका जागे होते. गाडी कोणती ते त्यांनी खिडकीतून बोट दाखवून विचारलं. मी दाखवली.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, सेंट्रल लॉक बाहेरून बसवलेलं असेल, तर एक करा. रिमोट चालतो की नाही हे नंतर बघा. गाडी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. एक दार उघडं ठेवून आत बसा, बाकीच्या प्रत्येक दाराची खुंटी हाताने खाली दाबा, हाताने वर ओढा आणि ते दार आतून उघडून बघा. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक आधी काढून ठेवा, नाहीतर ती आतून उघडणारच नाहीत आणि तुमची फसगत होईल. मग उघड्या दाराचंही तसंच पाहा. जी खुंटी अडते, ती दुरुस्त होईपर्यंत त्या बाजूला कोणाला बसवू नका. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते जूनच्या पहिल्या पावसाआधी व्हायला हवं.